उभे साहेब

पंचायत समितीच्या कार्यालयात त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीवर फायली असत, सायकलचा पंप असे, दुसऱ्या कुणाचा तरी जेवणाचा डबा असे. साहेब खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानंच सही करायचे आणि शाई वाळायच्या आत व्हरांड्यात गेलेले असायचे. विस्तार अधिकारी म्हणून तालुक्यातल्या आम्हा ग्रामसेवकांच्या कामावर त्यांची देखरेख होती. कार्यालयात सगळे त्यांना 'उभे साहेब' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. एकदा शिपायानं फोनवर सांगितलं, "उभे साहेब आत्ताच गेले," आणि साहेब त्याच्या पाठीमागंच उभे होते.

"अजून गेलो नाही, जाऊन राहिलो," ते म्हणाले, आणि गेले.

मी मूळची हिमायतनगरची, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातली. उदगीर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले तेव्हा मला इथलं कुणीच ओळखत नव्हतं. तीन वर्षं कंत्राटी, मग काम बरं असेल तर कायम. आई माझ्याजवळ राहायला आली होती आणि घर माझ्याच पगारावर चालत होतं. त्यामुळे पहिला प्रस्ताव मी फार मन लावून लिहिला. गावांच्या सोयीसुविधांसाठी सरकारकडून अनुदान येणार होतं, प्रत्येक गावानं आपली कामं कळवायची होती. मी चार पानं लिहिली.

साहेबांनी ती व्हरांड्यात चालत चालत वाचली. मी त्यांच्या मागं. व्हरांडा संपला की ते वळायचे आणि मी त्यांच्या अंगावर आदळता आदळता राहायचे.

"सर्वांगीण विकास. हा किती फूट लांब असतो?"

त्यांनी पान उलटलं.

"रस्ते, दिवाबत्ती, इत्यादी. इत्यादी कोण? त्याला बोलवा एकदा, बघू तरी."

"साहेब, तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं."

"पद्धत असू द्या. मला एवढंच सांगा मॅडम, हे काम झालं नाही तर कुणाचं अडतं? ग्रामस्थांचं अडतं असं नका सांगू. नाव सांगा."

मला एकही नाव सांगता आलं नाही. प्रस्ताव परत आला. दुसऱ्यांदा गेला, परत आला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्यांनी मला 'ताई' म्हटलं. जुन्या ग्रामसेवकांनी मला आधीच सावध केलं होतं. साहेब चिडले की आदर वाढतो. मॅडमचं ताई होतं, ताईचं ताईसाहेब. ताईसाहेब ऐकलं की समजायचं, आता खैर नाही.

त्यांच्या कापडी पिशवीत एक सुंभाची दोरी असायची, हातहातभर अंतरावर गाठी मारलेली. टेप इंजिनिअरचा, दोरी माझी, असं ते म्हणायचे. एका गावात गटाराचं काम तपासायला ते गेले होते, मीही बरोबर होते. दोरीनं मोजत मोजत गल्लीच्या टोकाला पोचले. कागदावरचं गटार अजून बरंच शिल्लक होतं. समोर एका म्हातारीचं घर. साहेब त्या गावच्या ग्रामसेवकाला म्हणाले, "गल्ली संपली. गटार पुढं ह्यांच्या स्वयंपाकघरातून जातं का, ते दाखवा." आणि खरोखरच दोरी घेऊन आत शिरले. म्हातारीनं काही न विचारता चहा ठेवला. साहेबांनी बशीतला चहा तिच्या चुलीजवळ येरझारा घालत प्यायला, अर्धा सांडला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि बाहेर आले. त्या ग्रामसेवकाचा चेहरा मला अजून आठवतो.

ऐकायला हे गमतीचं वाटतं. त्यांच्या हाताखाली काम करण्यात मात्र गंमत नव्हती. त्यांचा फोन सकाळी सहाला यायचा. कधी न कळवता ते एसटीतून उतरायचे, गावभर फिरून परत जायचे आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं. शिवाय त्यांच्या हट्टापायी नुकसानही व्हायचं. एका गावच्या शाळेची भिंत त्यांनी एका चुकीच्या शब्दावरून अडवून ठेवली, मुदत संपली, अनुदान दुसरीकडे गेलं. ती भिंत पुढं झालीच नाही. मी एकदा धीर करून त्यांना त्याबद्दल विचारलं. ते व्हरांड्याच्या दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, "ते माझ्यावर आहे."

आमच्या गावाला कमान हवी होती. सरपंचांना हवी होती, म्हणजे गावालाही हवी होती. फाट्यावर उंच कमान, वर त्यांच्या वडिलांचं नाव. सरपंच माणूस वाईट नव्हता. वडिलांनी गावासाठी खूप केलं होतं आणि शेजारच्या दोन्ही गावांना कमानी होत्या. साहेब आले तसं सरपंचांनी फाट्यावरची जागा दाखवली.

"कुणाचं अडतं हिच्यावाचून?" साहेबांनी विचारलं.

"अडायचं काय त्यात, साहेब. गावाची शान हाय."

त्या दिवशी रविवार होता, बाजाराचा दिवस. साहेब उत्तर न देता बाजारतळाकडे निघाले. आम्ही मागं. आमच्याकडचा बाजार मोठा, सीमेपलीकडूनही लोक येतात, कन्नड, तेलुगू, सगळं कानावर पडतं. भाजी, बांगड्या, मसाले घेऊन बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया. साहेब सुभद्राबाईंच्या पुढ्यात थांबले. सुभद्राबाई पन्नाशीच्या, दर रविवारी टेम्पोनं भाजी घेऊन यायच्या.

"बाई, दिवसभरात पाणी किती पिता?"

सुभद्राबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरपंचांकडे. "पीतच न्हाई साब. शनवारी दिवे लागले की बंद करते. इथं जायचं कुठं? गडीमानसं भिताडाआड जातेत. आमी काय करावं?"

त्यांनी हे कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं सांगितलं. सरपंच इकडेतिकडे पाहू लागले. मलाही कुठं पाहावं कळेना, कारण ग्रामपंचायतीच्या मागं एक स्वच्छतागृह होतं, ते कुलूपबंद असायचं आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी रुजू झाले तेव्हा ती मला सोय म्हणून दिली होती. या बायांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

साहेब सरपंचांना म्हणाले, "पुढच्या रविवारी आपण तिघं इथं बसू. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. जागा सोडायची नाही. सहा वाजता तुम्हाला कमानच पाहिजे असली तर मी अडवणार नाही."

सरपंच हसले. "बसू की. त्यात काय."

तो रविवार मी विसरणार नाही. साहेब पोत्यावर बसले. बसणं त्यांना जमतच नव्हतं. गुडघा हलायचा, बोटं सुभद्राबाईंच्या जुडीतल्या काड्या खुडायची. बाईंनी दोनदा जुडी काढून घेतली. सरपंचांना येणारा-जाणारा प्रत्येक जण रामराम करायचा आणि चहा पाजायचा. तीन चहा झाले. एकच्या सुमारास ते उठले.

"जरा आलो."

"कुठं?" साहेबांनी विचारलं.

"हे काय, जरा…"

"बायांनापण जरा असतं, सरपंच."

सरपंच भिंतीआड जाऊन आले. आल्यावर ते हसत नव्हते. सुभद्राबाईंजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, कवापासून येता तुमी बाजाराला?"

"तुमच्या लग्नाच्या आधीपासून."

मी चारपर्यंत टिकले. मग पर्स घेऊन उठले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं आणि नजर वळवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सहा वाजता ते उठले तेव्हा त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, भिंतीला धरून त्यांनी पाय झटकले. एसटीची वाट पाहताना म्हणाले, "माझी अम्मी ह्याच बाजारात बांगड्या भरायची. मी लहान होतो. मला वाटायचं, तिला तहानच लागत नाही." मग बस आली. बस रिकामी होती तरी ते उभ्यानंच गेले.

ग्रामसभेत कमानीऐवजी बाजारतळावर बायांसाठी स्वच्छतागृहाचा ठराव सरपंचांनी स्वतः मांडला. प्रस्तावात साहेबांनी मला एकवीस बायांची नावं लिहायला लावली. अनुदान मंजूर झालं. मग जागेवरून भांडणं सुरू झाली. जो तो म्हणे, माझ्या दुकानासमोर नको. शेवटी कोंडवाड्याशेजारची जागा मिळाली तेव्हा मार्च उजाडला होता. गुत्तेदारानं, म्हणजे कंत्राटदारानं, भिंती भराभर उभ्या केल्या, रंग दिला, दारं लावली. पाण्याची टाकी नव्हती. नळ नव्हता. दाराला आतून कडी नव्हती.

"टाकी एप्रिलमध्ये बसवतो मॅडम," गुत्तेदार म्हणाला. "दाखला आज द्या. न्हाईतर निधी परत जातोय, मग बाया बसतील बोंबलत."

हे खोटं नव्हतं. मार्च संपला की न खर्चलेला निधी परत जातो, हे मलाही माहीत होतं. इंजिनिअरची सही झाली होती. साहेब तीन दिवस लातूरला प्रशिक्षणात होते, फोन लागत नव्हता. मी माझ्या हातानं लिहिलं, 'काम पाणीपुरवठ्यासह पूर्ण झाले असून वापरात आहे.' खाली सही केली. दार बंद असलेला फोटो जोडला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साहेब आले. आधी कोंडवाड्याकडे जाऊन मग माझ्याकडे.

"पाणी कुठंय, ताई?"

"येणार आहे साहेब. गुत्तेदारानं कबूल केलंय."

"येणार आहे असं लिहिलंय का तुम्ही?"

मी टेबलावरच्या फायली सरळ करू लागले.

"मी माझा शेरा लिहिला आहे, जागेवर पाणी नाही म्हणून. पण दाखला तुमचा आहे. तो तुम्हीच लिहून मागं घ्या."

"साहेब, मी अजून कायम झाले नाही. नोकरी जाईल माझी."

"जाऊ शकते," ते म्हणाले.

मी वाट पाहत होते की पुढं ते म्हणतील, मी बघतो, काळजी करू नका. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्या दोन शब्दांचा मला इतका राग आला की मी त्या रात्री जेवले नाही.

आठ दिवसांनी गुत्तेदार ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांना घेऊन आला. त्यांच्याकडे टाइप केलेला अर्ज तयार होता. विस्तार अधिकारी महिला कर्मचाऱ्यास मानसिक त्रास देतात; दिवसभर बाजारात बसवतात; प्रस्ताव वारंवार परत करतात; अपमानास्पद बोलणे, इत्यादी. "तुमच्याच भल्यासाठी हाय, मॅडम," तो म्हणाला. "ह्यांची बदली झाली की फाईल कोण उघडून बघतंय."

मी सही केली. माझा हात धरून ती कुणी करवून घेतली नव्हती.

चौकशी गटविकास अधिकाऱ्यांच्या दालनात झाली. त्यांनी साहेबांना बसायला सांगितलं, साहेब उभेच राहिले. अर्ज त्यांनी दोनदा वाचला. एका जागी उभं राहून इतका वेळ काही वाचताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"बाजारात बसवलं, खरंय," ते म्हणाले. "प्रस्ताव तीनदा परत केला, तेही खरंय. बोलणं माझं कडक आहे. पण पुढं इत्यादी लिहिलंय. ते काय आहे, तेवढं ताईसाहेबांनी सांगावं. माझ्या हातून काही झालं असेल तर मला कळलं पाहिजे."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांचा आवाज घाबरलेला होता. खरंच आपलं काही चुकलं का, हे ते मनात शोधत होते.

"सांगा मॅडम," गटविकास अधिकारी म्हणाले.

मी टेबलाच्या काचेकडे पाहत होते. काचेखाली कुणाच्या तरी मुलाचा फोटो होता.

"काही नाही," मी म्हणाले.

"मग लिहिलं का?"

"चुकून."

चौकशी तिथं संपली. दाखल्याबद्दल साहेब एक अक्षर बोलले नाहीत. बदली मात्र झाली, चाकूरला. निरोप समारंभ ठेवला होता, पण त्या दिवशी ते एका गावात विहिरीचं काम बघायला गेले आणि परस्पर चाकूरला रुजू झाले. हार दोन दिवस त्यांच्या खुर्चीवर पडून होता.

फाईल खरंच कुणी उघडली नाही. स्वच्छतागृहाला कुलूप लागलं आणि आत गुत्तेदारानं सेंट्रिंगच्या फळ्या ठेवल्या. रविवारी मी बाजारतळावरून जायचं टाळू लागले. मागच्या गल्लीनं जायचे. तरी एकदा सुभद्राबाईंनी गाठलंच.

"मॅडम, ते कवा उघडनार?"

"काम चालू आहे."

"कागदावर झालंय म्हनतेत."

मी काहीतरी पुटपुटून निघाले. मग पावसाळ्यात तीन रविवार लांबूनच त्यांची जागा रिकामी दिसली. शेजारची बांगडीवाली म्हणाली, सरकारी दवाखान्यात आहे, उदगीरला. मी गेले. कशासाठी गेले हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. सुभद्राबाई खाटेवर बसल्या होत्या, चेहरा सुजलेला. लघवीच्या जागी आग, ताप, मूत्रपिंडात खडे, असं सगळं झालं होतं. त्यांनी मला खाटेवर जागा करून दिली.

"डाक्तर म्हनतो, लई पानी पी. पिते की. घरी काय अडचन हाय." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आयतवारी बाजारात काय करू, तेवढं सांगा."

त्यांना उत्तर हवं होतं. मी दोषी आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं.

सोमवारी मी गटविकास अधिकाऱ्यांना पत्र दिलं. दाखला खोटा आहे, सही माझी आहे, आणि साहेबांविरुद्धच्या तक्रारीत तथ्य नव्हतं. एवढ्या तीन ओळी लिहायला मला सकाळची दुपार झाली. त्यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "हे नक्की द्यायचंय? अजून परत घेऊ शकता." मी द्यायचंय म्हटलं.

कारणे दाखवा नोटीस आली. नोकरी गेली नाही, पण कायम होणं पुढं ढकललं गेलं. आई महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. गुत्तेदाराची इतर गावांतली कामं तपासणीत अडकली तशी आठ दिवसांत टाकी बसली, नळ आले, कड्या लागल्या. झाडायला-धुवायला गावातलीच एक बाई ठेवली. फीत वगैरे कापली नाही. सरपंच येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "कमानीला येवढा ताप झाला नसता," पण नळ स्वतः सोडून पाहिला.

पत्राची एक प्रत मी चाकूरला पाठवली होती. उत्तर आलं नाही. फोन करायचा धीर झाला नाही. दिवाळीनंतर सुभद्राबाई सहज बोलून गेल्या, "साब येऊन गेले की. दोनदा आलते."

"कधी?"

"आयतवारी. आमाला समद्यायला इचारलं, पानी येतं का, झाडतेत का. मंग गेले."

ग्रामपंचायत तिथून पन्नास पावलांवर आहे. दोन्ही रविवारी मी आत बसलेली होते.

पुढच्या रविवारी मी सकाळपासून थांब्यावर उभी राहिले. त्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी तिसऱ्या बसमधून उतरले. केस जास्त पांढरे झाले होते, पिशवी तीच. मला पाहून ते थांबले.

मी काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दबाव होता, घरची स्थिती, कंत्राटी नोकरी. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही.

"साहेब, मी भ्याले म्हणून सही केली. दोन्हीकडे. तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. धूळ खाली बसेपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते.

"हो," ते म्हणाले. "तुमचीच होती."

जाऊ द्या, होतं असं कधीकधी, असं ते म्हणतील या आशेनं मी दोन रविवार त्या थांब्यावर उभी होते, हे मला त्या क्षणी कळलं. ते तसं म्हणाले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. पण छातीवर इतके महिने जे बसलं होतं, ते पहिल्यांदाच थोडं हललं.

"चला, मॅडम," साहेब म्हणाले, आणि आम्ही दोघं बाजाराकडे निघालो.